तारणहाराचा वर्ण

मराठीत ‘वर्ण’ या एकाच शब्दाने कातडीचा रंगही सांगितला जातो आणि समाजातील पायरीही. अमेरिकेतील दूरचित्रवाणी मालिकांमध्ये अतिमानवी शक्तीचा नायक कोणत्या वंशाचा असावा, याविषयी तेथे गेली काही वर्षे जो वाद झडत आहे, त्याकडे पाहताना आपल्या भाषेतील हा दुहेरी अर्थ विसरून चालणार नाही. ‘ते गोऱ्या-काळ्यांचे भांडण; आपला त्याच्याशी काय संबंध?’ असे म्हणून आपल्याकडचा सुशिक्षित प्रेक्षक या वादाकडे पाठ फिरवतो. पण मुंबईला, आणि त्यातही गिरगाव ते परळ या पट्ट्याला, अशी पाठ फिरविता येणार नाही. तोंडावर बुरखा घेऊन दीनदुबळ्यांसाठी लढणारा तारणहार भारतीय पडद्यावर प्रथम गाजला तो याच पट्ट्यात तयार झालेल्या चित्रपटातून. आणि तो तारणहार गोरा होता. किंबहुना, गोरी होती.

१९३५ साली वाडिया मूव्हीटोनचा ‘हंटरवाली’ प्रदर्शित झाला. या संस्थेचा स्टुडिओ परळच्या लवजी कॅसलमध्ये होता. पुढे त्याच वास्तूत व्ही. शांतारामांचे राजकमल कलामंदिर उभे राहिले. दुष्ट प्रधानाच्या जुलमाविरुद्ध हातात चाबूक घेऊन घोड्यावर स्वार होणारी राजकन्या माधुरी या चित्रपटात साकारली ती नादियाने. तिचे मूळ नाव मेरी इव्हान्स. जन्म ऑस्ट्रेलियातील पर्थचा. केस सोनेरी, डोळे निळे. धाडसाची दृश्ये ती स्वतः करीत असे आणि तिच्या धैर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. चित्रपटाचे निर्माते जे. बी. एच. वाडिया हे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचे अनुयायी होते, आणि गुलामगिरीच्या काळात जुलमी सत्ताधाऱ्याच्या पाठीवर ओढलेल्या कोरड्यांचा अर्थ प्रेक्षकाला सांगावा लागत नव्हता. तरीही एक प्रश्न उरतोच. स्त्रीने घोडा फेकावा, पुरुषांना डोक्यावर उचलून आपटावे आणि तरीही तिची पूजा व्हावी, हे त्या काळी भारतीय स्त्रीच्या वाट्याला सहजी आले असते काय? नादियाच्या गोऱ्या कातडीने तिला एक परवाना मिळवून दिला होता. पारतंत्र्यातील प्रेक्षकाने आपल्या मुक्तीचे स्वप्न पाहिले. पण त्या स्वप्नातील मुक्तिदात्रीचा वर्ण राज्यकर्त्यांचा होता.

स्वातंत्र्यानंतर हे बदलायला हवे होते. प्रत्यक्षात १९६४ साली बोरीबंदरहून टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि ली फॉक या अमेरिकन लेखकाचा १९३६ पासूनचा ‘फँटम’ मराठी मुलांच्या हाती ‘वेताळ’ होऊन आला. आफ्रिकेतल्यासारख्या एका जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा एक गोरा पुरुष तेथील काळ्या जमातींचा न्यायाधीश आणि रक्षणकर्ता आहे, अशी ही कथा. या कथांवर इकडे संस्कार करण्यात आले ते मोठे बोलके आहेत. मुळातील देशाचे नाव बंगालशी मिळतेजुळते होते. ते बदलून ‘डेंकाली’ करण्यात आले. मुळातील चाचे ‘सिंग’ होते. ते ‘सिंगा’ झाले. म्हणजे या चित्रांत कोणाचा अवमान होऊ शकतो, याची जाणीव येथे पुरेपूर होती. ज्यात भारतीय माणूस दुखावला जाईल तेवढे खोडले गेले. ज्यात काळा माणूस दुखावला जाईल ते तसेच ठेवले गेले. गोऱ्या तारणहारापुढे हात जोडून उभ्या असलेल्या जमातींची चित्रे दादर-गिरगावच्या घराघरांत वाचली गेली, आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातील मुलांनी स्वतःला त्या जमातींच्या जागी नव्हे, तर घोड्यावरच्या गोऱ्याच्या जागी कल्पिले.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. आमचे देवच सावळे आहेत, तेव्हा वर्णभेदाचा आरोप आमच्यावर कसा लागू पडेल? हे उत्तर तपासून पाहण्यासारखे आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. पंढरीचा विठोबा काळ्या पाषाणाचा आहे आणि त्याच्या सावळेपणावर मराठी संतांनी जीव ओवाळला आहे. महाभारतात कृष्ण सावळा, अर्जुन सावळा. द्रौपदीचे तर एक नावच कृष्णा. इतकेच काय, महाभारताचा कर्ता मानला गेलेला कृष्णद्वैपायन व्यासही काळा, आणि तो मत्स्यगंधेचा, म्हणजे कोळ्याच्या घरी वाढलेल्या मुलीचा पुत्र. ज्या बेटावर कोळ्यांची वस्ती आधी होती आणि बाकीचे सगळे मागाहून आले, त्या मुंबईला तरी ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

परंतु ही परंपरा पडद्यावर येताना तिचे काय झाले? राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि त्यातून निघालेल्या देवादिकांच्या तसबिरी चाळीतल्या खोलीखोलीत लागल्या. गव्हाळ-गोऱ्या देवतांची सवय डोळ्यांना तेथून जडू लागली. नाटक, चित्रपट आणि शेवटी दूरदर्शन यांनी ती पक्की केली. १९८८ साली ‘महाभारत’ मालिका सुरू झाली तेव्हा कृष्ण गोरा होता, आणि ज्या द्रौपदीला व्यासांनी कृष्णा म्हटले तीही गोरी होती. यात नटांचा दोष नाही. त्यांनी आपले काम चोख केले. दोष त्या नजरेचा आहे, जिला देवळात काळा देव चालतो, पण पडद्यावर चालत नाही. भक्ती सावळ्याची आणि निवड गोऱ्याची, असा हा व्यवहार आहे.

सप्टेंबर १९९७ मध्ये दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ आला. या देशातील मुलांना स्वतःचा म्हणता येईल असा छोट्या पडद्यावरील हा पहिला मोठा अतिमानव. २००५ पर्यंत तो चालला आणि त्याचे प्रेम खरे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण साध्या माणसाच्या वेषात वावरताना हा शक्तिमान कोण असे? पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. चार पिढ्यांचे पांडित्य एका श्वासात सांगणारे हे नाव विनोदासाठी योजले होते, हे खरे. परंतु ‘सामान्य माणूस’ म्हणून लेखकाच्या लेखणीतून सहज उतरला तो शास्त्री, हेही तितकेच खरे. त्याची शक्ती योगसाधनेची, गुरुपरंपरेने मिळालेली. आणि त्याचा शत्रू कोण? तामराज किलविष. तम म्हणजे अंधार, किल्बिष म्हणजे पाप. अंधार आणि पाप यांची अशी सांगड घालून काळोखाचे राज्य मागणारा खलनायक मुलांपुढे उभा करण्यात आला. पुढे २००८ साली ‘छोटा भीम’ आला. त्यातील दांडगट मुलाचे नाव कालिया. परळ-लालबागच्या चाळींत एखाद्या पोराला ‘ए काळ्या’ अशी हाक कशासाठी मारली जाते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या नामकरणावर भाष्य करण्याची गरज वाटणार नाही.

मराठी वाहिन्यांनी हा प्रश्न ओळखलाच नाही असे नाही. २०१९ साली ‘रंग माझा वेगळा’ ही मालिका सुरू झाली. सावळ्या मुलीला सोसाव्या लागणाऱ्या अवहेलनेची ती गोष्ट. विषय रास्त होता. पण त्या सावळ्या नायिकेसाठी उजळ वर्णाच्या अभिनेत्रीचा चेहरा रंगवून सावळा करण्यात आला. ज्या उद्योगाला सावळ्या मुलीच्या दुःखाची कथा हवी असते, त्याला प्रत्यक्ष सावळी मुलगी नको असते, याहून अधिक स्पष्ट कबुली कोणती असू शकेल? गोरेपणाच्या मलमाचीही कथा याच जातीची. १९७५ पासून विकल्या गेलेल्या त्या मलमाच्या नावातील ‘गोरेपणा’ २०२० साली गळाला. मलम मात्र बाजारात राहिले.

अमेरिकेत काय घडले, हे या पार्श्वभूमीवर पाहावे. १९६६ च्या ‘ग्रीन हॉर्नेट’ मालिकेत ब्रूस ली हा बुरखाधारी नायकाचा मोटारचालक होता. मारामारी तो करी, नाव मालकाचे होई. तेथून २०१९ च्या ‘वॉचमेन’ मालिकेपर्यंतचा रस्ता लांबचा आहे. ही मालिका सुरू होते १९२१ साली टल्सा शहरात गोऱ्या जमावाने काळ्या वस्तीची केलेली राखरांगोळी दाखवून. त्या आगीतून वाचलेला मुलगा पुढे पोलीस होतो आणि बुरखा चढवून अन्यायाशी लढतो. पण बुरख्याच्या छिद्रांतून काळी कातडी दिसू नये म्हणून त्याला डोळ्यांभोवती गोरा रंग फासावा लागतो. तारणहार गोराच असतो अशी जगाची समजूत असेल, तर काळ्या तारणहाराला आपलाच चेहरा लपवावा लागतो, हे त्या एका दृश्याने सांगितले. २०२१ च्या ‘फाल्कन अँड द विंटर सोल्जर’मध्ये कॅप्टन अमेरिकेची ढाल एका काळ्या माणसाकडे येते. तेव्हा त्याला आधी एका वृद्ध काळ्या सैनिकाला सामोरे जावे लागते, ज्याच्या शरीरावर सरकारने प्रयोग केले आणि ज्याला तीस वर्षे कोंडून ठेवले. ढाल घेण्यापूर्वी हिशेब मागितला जातो.

या मालिका काढणाऱ्या कंपन्या परोपकारी आहेत असा भ्रम कोणी बाळगू नये. नवा गिऱ्हाईक मिळत असेल तर भांडवल कोणताही रंग विकायला काढते. पण काळ्या अमेरिकनांनी रस्त्यावर, न्यायालयात आणि लेखणीने दीर्घ लढा दिला नसता, तर टल्साचे नाव पडद्यावर आले नसते. नुसता नट बदलणे वेगळे आणि कथेने इतिहासाला जाब विचारणे वेगळे. पहिले रंगकाम आहे, दुसरे परिवर्तन.

असे परिवर्तन घडवण्याजोगी सामग्री येथे नाही, असे म्हणणाऱ्याला या शहराचा इतिहास माहीत नसावा. १९६६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत ‘ब्लॅक पँथर’ पक्ष स्थापन झाला आणि १९७२ साली मुंबईतील तरुण लेखक-कार्यकर्त्यांनी त्याच्याशी नाते सांगत ‘दलित पँथर’ उभारली. काळ्यांचा लढा हे दुसऱ्याचे भांडण नव्हे, हे वस्त्यांमधून आलेल्या त्या तरुणांनी ओळखले होते. त्याआधी, १९५९ साली, मुंबईच्या गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी आली. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्याची कोठारे फोडणारा, मांग समाजात जन्मलेला तो वीर. अतिमानव म्हणावे असे सगळे त्याच्यात आहे. फक्त त्याची शक्ती मंत्राने वा गुरुकृपेने आलेली नसून भुकेल्यांच्या विश्वासातून आलेली आहे. अशा नायकाला शक्तिमानाच्या शेजारी जागा का मिळू नये?

‘हा केवळ करमणुकीचा मामला आहे, त्यात जात आणि रंग कशाला आणता?’ असे विचारले जाईल. जात आणि रंग बाहेरून कोणी आणीत नाही. नाव ठेवताना, नट निवडताना आणि खलनायक काळोखात उभा करताना ते आत शिरलेलेच असतात. लहान मूल मालिका पाहते तेव्हा वाचवणारा कोण आणि वाचवला जाणारा कोण, याचा पहिला धडा त्याला मिळत असतो. स्वतःसारखा माणूस केवळ रडताना, हात जोडताना किंवा मार खाताना पाहिलेल्या मुलाला आपण कोणाला वाचवू शकतो, हे सुचणार कसे?

खाजगी वाहिन्यांकडून धर्मादायाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. पण सार्वजनिक प्रसारणाची गोष्ट निराळी. १९९० च्या प्रसार भारती कायद्याने सामाजिक न्यायाचा पुरस्कार आणि शोषण, विषमता व अस्पृश्यता यांचा प्रतिकार ही प्रसारणाची उद्दिष्टे ठरवून दिली आहेत. शक्तिमान अवतरला त्याच वर्षी, १९९७ मध्ये, हा कायदा अमलात आला. तेव्हा दूरदर्शनने मुलांसाठी मालिका काढताना दलित, आदिवासी, भटक्या आणि कोळी समाजांतील लेखकांना पाचारण करावे, निवड करणाऱ्या समित्यांत त्यांना स्थान द्यावे, आणि चेहरा रंगवून नव्हे तर चेहरा शोधून पात्रे उभी करावीत, ही मागणी कृपेची नसून कायद्याच्या अंमलबजावणीची आहे.

लोअर परळला गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत आज वाहिन्यांची कार्यालये आहेत. ज्यांच्या घामावर ती जमीन सोन्याची झाली, त्यांच्या नातवंडांना त्या कार्यालयांतून तयार होऊन येणारे नायक पाहावे लागतात. ती नातवंडे पडद्यावर कधी दिसतील, हा प्रश्न पुरेसा नाही. पडद्यावर काय दिसावे, हे ठरवणाऱ्या टेबलाशी ती कधी बसतील, हा खरा प्रश्न आहे. आणि तो तारणहाराची वाट पाहून सुटणारा नाही.