ई-स्पोर्ट्सवरील पैज : एक प्रतिवाद

ई-स्पोर्ट्सच्या सामन्यांवर अभ्यास करून पैज लावली तर पैसे मिळतात, हे एका पत्रलेखकाचे मत कायद्यालाही धरून नाही आणि गणितालाही. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला ऑनलाइन गेमिंग कायदा ई-स्पोर्ट्सला खेळ मानतो. प्रवेशशुल्क आणि बक्षिसाची रक्कमही त्याला मान्य आहे. मात्र पैज लागली की तो खेळ ई-स्पोर्ट्सच्या व्याख्येतून बाहेर पडतो. पैशांचा खेळ चालवणाऱ्यास 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

गणित तर त्याहून कठोर आहे. तुल्यबळ संघांवर दोन्हीकडे 1.90 असा भाव असेल, तर दोन्ही बाजूंना शंभर-शंभर रुपये लागल्यावर दोनशे जमा होतात, परत जातात एकशे नव्वद. म्हणजे नुसती बरोबरी साधायलाही शंभरांपैकी जवळपास 53 अंदाज अचूक यावे लागतात. अभ्यास भाव ठरवणाराही करतोच, आणि त्याच्याजवळ माहिती अधिक असते. शिवाय सामना ठरवून हरल्याची प्रकरणे या खेळांत घडलेली आहेत. 2014 मधले काउंटर-स्ट्राइक या खेळातले असे प्रकरण गाजले होते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील तरुणांनी हे खेळ जरूर खेळावेत, स्पर्धा जिंकाव्यात. पैजेच्या ॲपवर फसवणूक झाली असल्यास 1930 या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.