तुमचा उजेड, समोरच्याचा अंधार

सध्या आपल्या पोरांमध्ये एक समज पक्का झालाय. कंपनीने गाडीला दिलेला हेडलाइट म्हणजे मेणबत्ती, खरा लाइट बाजारातच मिळतो. गाडी शोरूममधून निघाली की महिन्याभरात बल्ब बदलायचा. पांढराफेक, जमलं तर निळसर झाक असलेला एलईडी टाकायचा. मग मित्रांना बोलावून भिंतीवर उजेड पाडून दाखवायचा आणि म्हणायचं, 'बघ, अपग्रेड!'

मला या अपग्रेडविरुद्ध लिहायचंय. हॅलोजनसाठी बनलेल्या हेडलाइटमध्ये जास्त उजेडाचा बल्ब खोचला की तुम्हाला वाटतं तेवढं जास्त दिसत नाही. समोरून येणाऱ्याला मात्र काही क्षण काहीच दिसत नाही. हा सौदा तुमच्याही फायद्याचा नाही, त्याच्याही नाही.

बाइकवाल्यांना उठसूट शहाणपण शिकवणाऱ्यांपैकी मी नाही. मी मिरजेत राहतो, कामाला इचलकरंजीला जातो आणि परतताना रोज रात्र होते. तुमची तक्रार मला माहीत आहे, कारण ती माझीही आहे. रस्त्यावर दिवे नाहीत. साइडपट्टी खचलेली. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा उभ्या असतात. समोरून येणारी गाडी डिप्पर द्यायचं नाव काढत नाही. आणि शंभर-सव्वाशे सीसीच्या कित्येक गाड्यांना पस्तीस वॅटचा बल्ब. तक्रार शंभर टक्के खरी. फक्त तिच्यावर आपण शोधलेला इलाज चुकीचा.

हेडलाइटचा उजेड बल्ब पाडत नाही, बल्ब आणि त्यामागची वाटी मिळून पाडतात. एच-फोर नावाचा बल्ब बुलेटपासून अनेक गाड्यांत असतो. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची 60 वॅटची, दुसरी डिप्परची 55 वॅटची. डिप्परच्या तारेखाली धातूची एक छोटी पन्हाळी असते. ती वाटीच्या खालच्या अर्ध्या भागावर उजेड पडू देत नाही, म्हणून डिप्परचा झोत वरून कापल्यासारखा खाली रस्त्यावर पडतो. ही तार कुठे असावी हे मिलिमीटरच्या अंशात ठरलेलं असतं आणि वाटीचा आकारही त्या एका जागेसाठीच घडवलेला असतो.

आता त्या तारेच्या जागी एलईडीच्या चिपा बसवा. त्या चपट्या असतात, वेगळ्या दिशेला तोंड करून असतात आणि क्वचितच नेमक्या तारेच्या जागी येतात. वाटीला हा बदल कळत नाही. ती मिळेल तो उजेड मिळेल तिकडे फेकते. झोताची वरची कड विस्कटते आणि उजेड झाडांच्या शेंड्यांवर, भिंतींवर, समोरच्याच्या चेहऱ्यावर जातो. शेतात पाइपाचं तोंड बोटाने दाबलं की पाणी लांब जातं. बोट काढलं तर पाणी तेवढंच, पण पायाशीच. हेडलाइटची वाटी म्हणजे ते बोट.

गैरसमज नको. माझं भांडण एलईडीशी नाही. कंपनीतूनच एलईडी हेडलाइट घेऊन येणाऱ्या गाड्यांत वाटी, भिंग, काच सगळं त्या चिपांसाठीच घडवलेलं असतं. भांडण आहे ते एकासाठी बनवलेल्या घरात दुसऱ्याला कोंबण्याशी.

मग खोक्यावरचा आकडा येतो. '12,000 लुमेन', आणि खाली बारीक अक्षरात 40 वॅट. जरा गणित करा. म्हणजे एका वॅटला 300 लुमेन. बाजारात मिळणारा चांगला पांढरा एलईडीसुद्धा याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळतो. तुलनेसाठी, एच-फोरच्या डिप्परचा प्रमाणित उजेड साधारण 1000 लुमेन असतो. शिवाय लुमेन म्हणजे बल्बमधून चारी बाजूंना बाहेर पडलेला एकूण उजेड. त्यातला रस्त्यावर, तुम्हाला हवा तिथे किती पडला, याबद्दल खोका एक अक्षर बोलत नाही.

'पण मला खरंच जास्त दिसतं,' असं तुम्ही म्हणाल. तुम्हाला जास्त उजेड दिसतो, जास्त रस्ता नाही. चाकापुढचा दहा-पंधरा मीटरचा पट्टा पांढराशुभ्र झाला की डोळा त्या उजेडाला सरावतो, बाहुली आकसते आणि त्यापलीकडचा अंधार आणखी गडद होतो. उसाची ट्रॉली उभी असते ती नेमकी त्या अंधारात. ताशी साठच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. धोका दिसून ब्रेककडे हात जायला दीड सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावरही थांबायला पन्नासेक मीटर लागतात. ताशी ऐंशीला पंचाहत्तर. पायाशी पडलेला उजेड इथे काय कामाचा? उलट तो खोटा दिलासा देतो आणि त्या दिलाशावर आपण अॅक्सिलरेटर आणखी पिळतो. पावसात तर पांढरा विस्कटलेला उजेड थेंबांवर आदळून आपल्याच डोळ्यांत परत येतो.

आता समोरच्याकडे येऊ. झगझगीत उजेड डोळ्यांत गेला की नजर पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात. तीन सेकंद म्हणा. साठच्या वेगाला तीन सेकंद म्हणजे पन्नास मीटर रस्ता माणूस डोळे उघडे ठेवून आंधळा चालवतो. वय वाढतं तसा हा वेळ वाढतो. मोतीबिंदू असेल तर उजेड डोळ्याच्या आतच पसरतो आणि समोर नुसता पांढरा पडदा उभा राहतो. माझ्या अब्बांचं असं होतं. चौसष्ट वर्षांचे आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. चाळीस वर्षं गाडी चालवली. आता मगरिबनंतर ते स्कूटरला हात लावत नाहीत. बहिणीकडे जायचं असलं तरी दिवसाउजेडी जातात. त्यांना अंधाराची भीती कधीच नव्हती, भीती आहे ती उजेडाची. आपल्या घरोघरी असे अब्बा, चाचा, मामू आहेत. त्यांच्याकडून संध्याकाळ काढून घेतली गेली आणि घेणारे आपणच, त्यांची पोरं.

जे गाडीवर नसतात त्यांचाही विचार करा. फजरला मशिदीकडे निघालेले म्हातारे, दुधाचे कॅन बांधलेला सायकलवाला, पहाटे कोयते घेऊन निघालेली ऊसतोड जोडपी, पंढरीच्या वाटेवर पायी चाललेले वारकरी. हे सगळे रस्त्याच्या कडेने, बहुतेक वेळा गडद घोंगडी-शाल पांघरून चालतात. तुमच्या लाइटने ज्याचे डोळे दिपले त्या ट्रकवाल्याला ही माणसं दिसत नाहीत. धडक तो देईल. पोलीस त्याला पकडतील. तुमची गाडी तोवर दोन किलोमीटर पुढे गेलेली असेल आणि मागे काय झालं ते तुम्हाला कधी कळणारही नाही. म्हणूनच हा गुन्हा करणं इतकं सोपं आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'कारवाले अप्पर मारतात, आम्हीच का सोसायचं?' कारवाले मारतात, खरं आहे. पण अप्परला अप्परने उत्तर दिल्यावर रस्त्यावर काय उरतं? एकमेकांकडे शंभरच्या एकत्रित वेगाने येणारी दोन आंधळी माणसं. त्यातल्या एकाभोवती लोखंडी पिंजरा आहे, सीटबेल्ट आहे, एअरबॅग आहे. दुसऱ्याच्या डोक्यावर, असलंच तर, हेल्मेट. समोरच्याला आंधळं करण्यात सगळ्यात मोठं नुकसान कोणाचं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. समोरच्या चालकाला मी नीट दिसणं, हे बाइकवाल्याचं पहिलं चिलखत आहे. एप्रिल 2017पासून विकल्या जाणाऱ्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही चालू राहतो, तो याचसाठी. त्यात आपण वाकडा झोत बसवला, तर तो बंद करायचं बटणही आपल्याकडे राहत नाही.

कायदा काय म्हणतो, तेही माहीत असू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106वा नियम साधा आहे. दिव्यापासून 8 मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, जरा उजवीकडे कोणाचे डोळे असतील तर ते दिपता कामा नयेत, असा झोत खाली वळवलेला असला पाहिजे. कंपनीने नोंदवलेल्या गाडीत नियमबाह्य बदल केला, तर 2019च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. नियमबाह्य गाडी विकणाऱ्या व्यापाऱ्यासाठी याच कायद्यात वर्षभराची कैद आणि लाखाच्या दंडाची तरतूद आहे. पण चौकात थांबवलेला कोण दिसतो? एकोणीस वर्षांचा पोरगा. हे बल्ब उघड्यावर खोक्यांनी विकणारी दुकानं मात्र चालू आहेत आणि ज्यांनी ते मागवले त्यांच्यापर्यंत कोणी जात नाही. मी या अन्यायावर तुमच्या बाजूने भांडेन. पण दुकानदारावर कारवाई होत नाही म्हणून मला समोरच्याचे डोळे फोडायचा परवाना मिळत नाही.

मग अंधारातच चालवायचं का? अजिबात नाही. आपल्या गाडीत आधीच असलेला उजेड आपण वाया घालवतो, तो परत मिळवायचा.

पहिलं, वायरिंग. हॅलोजन बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक असतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घसरलं की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घसरतो. गंजलेला होल्डर, सैल अर्थिंग, झिजलेला स्विच एवढ्यावर तुमचा एक तृतीयांश हेडलाइट गेलेला असतो आणि आपण दोष बल्बला देतो. मिस्त्रीला मीटर घेऊन बॅटरीवर आणि बल्बच्या पिनांवर व्होल्टेज मोजायला सांगा. फरक एक व्होल्टचा निघाला तर रोग सापडला. हेडलाइट बॅटरीवर चालणारा असेल तर रिले आणि जाड वायर टाकून घ्या. जुन्या कित्येक गाड्यांत हेडलाइट थेट कॉइलवर चालतो. तिथे मोठा बल्ब टाकलात तर कॉइलला तो पेलवत नाही आणि उजेड पिवळा पडतो. आणि 90-100 वॅटचा बल्ब कुठेच नको. 55 वॅटला साडेचार अँपिअर लागतात, शंभरला आठच्या वर. तो भार स्विच आणि वायर सोसत नाहीत, प्लॅस्टिकची वाटी वितळते.

दुसरं, काच आणि वाटी. काच पिवळी पडली असेल, वाटीचा चकाकता थर उडाला असेल, तर सूर्य आत ठेवला तरी उपयोग नाही. अख्खा डूम बदला. त्यात मूळ वॅटचाच, नावाजलेल्या कंपनीचा हॅलोजन टाका. त्याच वॅटमध्ये थोडा जास्त उजेड देणारे हॅलोजनही मिळतात. ते लवकर जातात, पण तार जागेवर असते.

तिसरं, झोताची उंची. यात पैसे जात नाहीत. सपाट जागी गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर भरा, तुम्ही स्वतः गाडीवर बसा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारा. डिप्परच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या पाच ते सात सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. वर असेल तर हेडलाइटचा स्क्रू फिरवा. मागे कोणाला बसवून पुन्हा बघा, झोत वर उचललेला दिसेल. रोज डबल सीट जात असाल तर त्या वजनाला जमवून घ्या.

एवढं करूनही रस्ता अंधारा राहिला, तर ती लढाई बल्बच्या दुकानात लढायची नाही. ती नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत, बांधकाम खात्यात लढायची. कुठल्या खांबावर दिवा नाही याची यादी करून, फोटोसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महिन्याने त्या अर्जाचं काय झालं ते माहितीच्या अधिकारात विचारा. साखर कारखान्याला लिहा की ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ऊस गेटातून आत घेऊ नका. पाचशे रुपयांचा बल्ब टाकून आपण एका सार्वजनिक दुखण्यावर खाजगी उतारा काढतो आणि ज्यांनी दिवे लावायचे ते निवांत झोपतात. प्रत्येकाने आपापला उजेड विकत घेतला, तर रस्त्यावर दिवा मागायला उरणार कोण?

तर या रविवारी एवढं करा. मोहल्ल्यातल्या पाच-सहा जणांनी मैदानाच्या भिंतीशी संध्याकाळी गाड्या आणा. एक मोजपट्टी, एक खडू, एक स्क्रू ड्रायव्हर, जमलं तर मिस्त्रीकडून मागून आणलेलं मीटर. ज्याच्या गाडीत तो निळा-पांढरा एलईडी असेल त्याला समोर आठ मीटरवर उभं करा आणि त्याचीच गाडी त्याच्या तोंडावर चालू करा. भाषण करायची गरज पडणार नाही. तो स्वतःच बल्ब काढेल.