मूळचे कुठले?

आपल्याकडे दोन अनोळखी माणसे एसटीत शेजारी बसली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाव कोणतं?" कोकणातल्या मुस्लिम घरांत तर गावानंतर मोहल्ला, मोहल्ल्यानंतर आडनाव, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला कुठली तरी सोयरीक निघतेच. आपण हा प्रश्न माणूस जवळ आणण्यासाठी विचारतो.

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड किंवा बर्मिंगहॅममध्ये हाच प्रश्न विचारला जातो तेव्हा त्याचा अर्थ फिरतो. कुणीतरी विचारते, "तू कुठली?" मुलगी सांगते, "ब्रॅडफर्डची." "हो, पण मूळची कुठली?" तिचा जन्म तिथला, कदाचित तिच्या आईचाही तिथलाच, तरी उत्तर पुरे पडत नाही. विचारणाऱ्याच्या मनात दरवेळी वाईटच असते असे नाही. पण ऐकणाऱ्याला कळते ते एवढेच, की तू इथली दिसत नाहीस. २०२२ साली बकिंगहॅम राजवाड्यातल्या एका समारंभात इंग्लंडमध्येच जन्मलेल्या एका कृष्णवर्णीय समाजसेविकेला राजघराण्याच्या सेवेतील एका वृद्ध बाईंनी हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. गवगवा झाला, त्या बाईंनी पद सोडले, पुढे समक्ष भेटून माफीही मागितली. राजवाड्यातली गोष्ट म्हणून ती वर्तमानपत्रात आली. बसथांब्यावरच्या अशा गोष्टींची बातमी होत नाही.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे कुणी ना कुणी विलायतेत आहे. कुणाचे मामू, कुणाची लग्न होऊन गेलेली लेक. फोनवर खुशाली कळते, पैसे येतात, फोटो येतात. रोजच्या जगण्यातले हे टोचणे मात्र फोनवर सहसा येत नाही. म्हणून या वेळी त्याविषयी लिहितो.

आधी शब्दच पाहू. ब्रिटनमध्ये 'एशियन' म्हटले की भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून आलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत तोच शब्द ऐकून लोकांना आधी चिनी, जपानी, कोरियन आठवतात. एकाच खंडाच्या नावाचे दोन देशांत दोन अर्थ झाले, कारण ज्या देशात जे लोक आधी आणि जास्त आले, त्यांच्यावरून तिथला साचा पडला. साच्यात बारकावे बसत नाहीत. १९८२ साली अमेरिकेतील डेट्रॉइट परिसरात व्हिन्सेंट चिन या तरुणाला मोटार कारखान्याशी संबंधित दोघांनी मारहाण केली आणि त्यात तो मेला. जपानी मोटारींमुळे आपला रोजगार बुडाला, हा तिथला राग. चिन जपानी नव्हता, चिनी वंशाचा होता. मारणाऱ्यांना एक दिवसही तुरुंगवास झाला नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चौथ्याच दिवशी ॲरिझोना राज्यात बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळी घालून मारले गेले. ते शीख होते. मारेकऱ्याने पगडी आणि दाढी पाहिली, माणूस पाहिलाच नाही.

ब्रिटनमध्ये आपली माणसे गेली ती काही आगंतुकासारखी नव्हे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजी बोटींवर राबणारे खलाशी आपल्या बाजूचे होते. डेकवर कोकण किनाऱ्यावरचे मुसलमान, इंजिनखोलीत सिल्हेटचे बंगाली, खानपानाच्या कामावर गोव्याचे लोक, अशी विभागणी पुष्कळ बोटींवर असे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला माणसे कमी पडली. यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या कापड गिरण्यांत रात्रपाळीला कुणी मिळेना, तेव्हा पंजाबी, मीरपुरी, गुजराती, सिल्हेटी कामगार तिथे पोहोचले. मंगला धरणाने १९६० च्या दशकात मीरपूर भागातली सुमारे एक लाख माणसे उठवली, त्यांतलीही पुष्कळ तिकडे गेली. १९७२ मध्ये युगांडाच्या इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावले आणि सुमारे २८ हजार जण ब्रिटनमध्ये आले. त्या वेळी लेस्टर शहराच्या नगर परिषदेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की कृपया आमच्या शहरात येऊ नका. लोक तरीही गेले. आज त्याच लेस्टरमध्ये दिवाळीची रोषणाई पाहायला बाहेरगावाहून माणसे येतात आणि ईदच्या नमाजाला मैदाने भरतात.

आता रोजच्या साच्यांकडे येऊ. पहिला साचा वासाचा. यांच्या घरांना मसाल्याचा वास येतो, हे वाक्य शाळेतल्या मुलाने डबा उघडल्यावर ऐकलेले असते. केंट परगण्यातील शेकडो घरांच्या एका मालकाने तर भाडेकरू ठरवताना कळवले होते, की करीचा वास घरात राहतो म्हणून गोऱ्यांखेरीज कुणी नको. २०१७ मध्ये न्यायालयाने ते बेकायदा ठरवून मनाई केली. गंमत अशी की त्याच देशाचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी २००१ मधल्या एका भाषणात चिकन टिक्का मसाला हा ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हणून गौरवला होता. म्हणजे करी चालते, करी करणाऱ्याचे घर शेजारी नको. आणि ज्याला तिथे 'इंडियन रेस्टॉरंट' म्हणतात, त्यांतली बहुतेक चालवली आहेत सिल्हेटच्या बंगाली मुसलमानांनी. पाटी इंडियन, मालक बांगलादेशी, आणि रात्री दारू पिऊन आलेले गिऱ्हाईक हाक मारणार 'पाकी' म्हणून!

या धंद्याचा पहिला माणूस कोण, हे तिथल्या आपल्या मुलांनाही बहुधा माहीत नसते. पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी १८१० साली लंडनमध्ये 'हिंदुस्थानी कॉफी हाऊस' काढले. ते फार चालले नाही, दोन वर्षांत दिवाळे निघाले. पण गडी खचला नाही. ब्रायटनला जाऊन त्यांनी वाफेची स्नानगृहे आणि चंपी सुरू केली, आणि राजा चौथा जॉर्ज व चौथा विल्यम यांच्यापर्यंत त्यांची सेवा पोहोचली. 'शॅम्पू' हा शब्द आपल्या चंपीतून निघाला आहे. इंग्रजीत पुस्तक लिहून छापणारे पहिले भारतीयही तेच, साल १७९४.

दुसरा साचा नावाचा. मुहम्मदचा 'मो' होतो, समीनाची 'सॅम'. यॉर्कशायरच्या क्रिकेट संघाकडून खेळताना आपल्या चेतेश्वर पुजाराला तिथे 'स्टीव्ह' म्हणत, कारण चेतेश्वर म्हणायला जड जाते. वरवर ही थट्टा वाटते. पण नावाची किंमत नोकरीच्या दारात कळते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या मालकांकडे सुमारे ३,२०० बनावट अर्ज पाठवून पाहिले. शिक्षण आणि अनुभव सारखाच, फरक नावाचा आणि वंशाचा. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. बहुसंख्याकांपैकी २४ टक्के अर्जांना बरे उत्तर मिळाले, अल्पसंख्याकांच्या अर्जांपैकी १५ टक्क्यांना. पाकिस्तानी वंशाच्या उमेदवाराला तेवढीच उत्तरे मिळवायला ७० टक्के जादा अर्ज करावे लागत होते. रात्री जागून अर्ज भरणारा एखादा भाचा "अजून काही जमलं नाही" म्हणतो, तेव्हा तो आळशी आहे असे इथून ठरवण्याआधी हे आकडे आठवावेत.

तिसरा साचा गोड असतो, म्हणून जास्त फसवतो. आशियाई मुले गणितात हुशार, डॉक्टर होतात, दुकान चालवतात, भांडत नाहीत, मुकाट्याने काम करतात. ऐकायला बरे वाटते. पण ज्याला गणित येत नाही त्या मुलाचे काय? जिला घरात त्रास आहे पण 'यांची कुटुंबे फार घट्ट असतात' म्हणून कुणी विचारत नाही, त्या मुलीचे काय? ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आपल्या उपखंडातल्या डॉक्टरांनी उभी ठेवली. त्यांतल्या पुष्कळांच्या वाट्याला आले ते म्हाताऱ्यांचे वॉर्ड आणि खाणकामगारांच्या वस्त्या, जिथे स्थानिक डॉक्टर जायला तयार नव्हते. कौतुक आणि डावलणे एकाच वेळी चालू होते.

'मुकाट्याने काम करतात' हा समज मोडला तो साडी नेसणाऱ्या बायकांनी. १९७६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या विल्सडेन भागातील ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यातून जयाबेन देसाई बाहेर पडल्या. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका मागोमाग निघाल्या. संघटना करण्याचा हक्क आणि माणुसकीची वागणूक, एवढीच मागणी. संप जवळजवळ दोन वर्षे चालला. हजारो गोरे कामगार, त्यात खाणकामगारही, या बायकांच्या बाजूने रस्त्यावर उभे राहिले. संप शेवटी फसला. पण आशियाई बाई म्हणजे मुकी, असे म्हणण्याची सोय राहिली नाही.

त्याच संपाच्या काळात, ४ मे १९७८ रोजी, लंडनच्या पूर्व भागात अल्ताब अली हा बंगाली शिवणकामगार कामावरून घरी निघाला असता भोसकून मारला गेला. मारणाऱ्यांचे त्याच्याशी काहीही वैर नव्हते. दहा दिवसांनी हजारो लोक त्याच्या शवपेटीमागे पावसात पंतप्रधानांच्या घरापर्यंत चालत गेले. तो जिथे पडला त्याजवळच्या बागेला १९९८ पासून 'अल्ताब अली पार्क' असे नाव आहे. लंडनला जाणाऱ्या वाचकांनी बकिंगहॅम राजवाड्याबरोबर ही बागही पोराबाळांना दाखवावी.

आणि चौथा साचा, जो गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बाकी सगळ्यांवर चढून बसला आहे. दाढी, हिजाब, पाठीवरची पिशवी, की संशय सुरू. ७ जुलै २००५ ला लंडनच्या भुयारी गाड्यांत आणि बसमध्ये स्फोट झाले. ५२ निरपराध माणसे गेली. मृतांमध्ये कामाला निघालेली एक तरुण बंगाली मुस्लिम मुलगीही होती. पण दुसऱ्या दिवसापासून तिच्याच वयाच्या, तिच्याच रंगाच्या मुलींकडे लोक डब्यात वळून पाहू लागले. शोकही करायचा आणि खुलासाही द्यायचा, अशी ही दुहेरी सक्ती.

एवढे सगळे वाचून 'गोरे लोक असेच' असे कुणाच्या मनात आले असेल, तर तोही साचाच आहे. २०२१ मध्ये क्रिकेटपटू अझीम रफिकने ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे आपल्याला संघात मिळालेली वागणूक सांगितली, तेव्हा सारा देश हादरला. त्याच आठवड्यात त्याने पूर्वी पाठवलेला एक ज्यूविरोधी संदेश उजेडात आला. त्याने लगेच कबूल केले, माफी मागितली. त्याच्यावर झालेला अन्याय त्यामुळे खोटा ठरत नाही. पण ज्याला टोचले आहे तोही दुसऱ्याला टोचू शकतो, एवढे त्यातून घ्यावे. विलायतेतल्या आपल्या घरांतही 'गोरे आईबापांना टाकतात', 'काळ्यांच्या मुलांत मिसळू नको' ही वाक्ये जेवणाच्या टेबलावर चालतात. मुले ऐकत असतात.

जुलै २०२४ मध्ये साउथपोर्ट गावात तीन लहान मुलींची हत्या झाली. मारेकरी मुसलमान निर्वासित आहे अशी खोटी अफवा पसरली आणि जमावाने तिथल्या मशिदीवर दगडविटांचा मारा केला. दुसऱ्या दिवशी त्याच गावातले गवंडी आणि शेजारी आले आणि पडलेली भिंत पुन्हा रचू लागले. दोन-तीन दिवसांनी लिव्हरपूलच्या अब्दुल्ला क्विलियम मशिदीबाहेर निदर्शक जमले, तेव्हा आतले इमाम आणि लोक खाण्याचे पदार्थ घेऊन त्यांच्याकडे गेले. काहींनी घेतले, काहींशी बोलणे झाले, एक-दोघांनी मिठीही मारली. यातून द्वेष संपला असा आमचा दावा नाही. पण साचा मोडतो तो समोरासमोर बोलण्याने, हे त्या दिवशी दिसले.

आपण इथे बसून काय करायचे? मे-जूनमध्ये नाही, पण जुलै-ऑगस्टच्या त्यांच्या सुट्टीत विलायतेची पोरे गावी येतात. तिथे ती 'पाकी' असतात आणि इथे आल्या आल्या आपण त्यांना 'लंडनवाले' करून टाकतो. त्यांच्या तोडक्या बोलीला हसतो, तिखट खाता येत नाही म्हणून चिडवतो, बापाचा पगार विचारतो, चॉकलेटे मोजतो. दोन्हीकडे परके ठरलेले पोर मग कुठले म्हणायचे? एकमेकांना टोपणनावे ठेवू नयेत हे आपण घरात शिकवतोच. ते पाहुण्या भाच्यालाही लागू करावे.

या वेळी ती मुले आली की त्यांचे पूर्ण नाव नीट उच्चारून हाक मारा. नानीजवळ बसवून घरातला कोण बोटीवर होता, पहिल्यांदा कोण गेला, का गेला, ते सांगायला लावा. आणि तिकडे शाळेत काय होते, कोण काय म्हणते, ते विचारून मधे न बोलता ऐका. "अरे, दुर्लक्ष करायचं" हे उत्तर त्यांना आईबापांनी आधीच दिलेले असते. त्यांना ऐकून घेणारे कुणीतरी हवे असते, आणि तेवढे तर आपण गावात बसूनही करू शकतो.