दार उघडले, पुढे काय?

मनाने आजारी माणसाला कुलपात ठेवावे की मोकळे? अमेरिकेला या प्रश्नाची फार मोठी किंमत मोजावी लागली. १९५५ साली तेथील सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे साडेपाच लाख माणसे होती. फ्लोरिडात केनेथ डोनाल्डसन कोणालाही धोकादायक नसताना जवळजवळ १५ वर्षे कोंडले गेले. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की जो धोकादायक नाही व स्वतःच्या अगर आप्तांच्या आधाराने सुरक्षित राहू शकतो, त्याला नुसते डांबता येणार नाही.

निर्णय योग्यच होता. परंतु केनेडींच्या १९६३ च्या कायद्याने योजलेली गावोगावची उपचारकेंद्रे पुरेशी उभी राहिली नाहीत. कित्येक रोगी रस्त्यावर आले, कित्येक तुरुंगात गेले. एक कुलूप निघाले, दुसरे लागले.

आमच्या मते जिवाला धोका असेल तेव्हा बंद वॉर्ड लागतो, पण तेवढ्यापुरताच. उघड्या वॉर्डाला पुरेशा परिचारिका हव्यात आणि बाहेर माणसांचा आधार हवा. आपल्या बेटावर बो-बासँच्या ब्राउन-सेकार इस्पितळातून परतणाऱ्याला आपल्या घराचे दार उघडे आहे का, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावे.