अखिल भारतीय मेळावा आणि मिस्त्रीचा पास

‘राष्ट्रीय’ या शब्दाचं आपल्याकडे काय होतं, ते हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. ‘राष्ट्रीय स्तरावरील’ पेपर प्रेझेंटेशनला शेजारच्या तीन जिल्ह्यांतली मुलं येतात, चौथी टीम एस.टी. चुकल्यामुळे येत नाही, आणि बॅनरवर मात्र अख्ख्या भारताचा नकाशा! जुन्या मोटारींच्या क्लबांचे ‘अखिल भारतीय’ मेळावे याच जातीचे. फरक एवढाच की पेपर ई-मेलने पाठवता येतो, गाडीला रस्त्याने यावं लागतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी अशाच एका मेळाव्यात मी स्वयंसेवक होतो. काम साधं : आलेल्या गाडीला नंबर चिकटवायचा, पार्किंगची जागा दाखवायची आणि इंजिनाखाली पुठ्ठा सरकवायचा. (जुनी गाडी तेल गाळते. गाळत नसेल तर आधी डिपस्टिक बघावी, तेल संपलेलं असतं!) तीन दिवस हे केल्यावर माझं एक मत झालं आहे. ते क्लबवाल्यांना आवडणार नाही, पण आपल्या मासिकात लिहायला हरकत नाही. हे मेळावे बघ्यांसाठी आणि स्पॉन्सरसाठी आखले जातात. गाडी तिथवर कशी येणार आणि परत कशी जाणार, ही खरी अडचण मालकाच्या गळ्यात टाकून आयोजक मोकळे होतात.

आधी अंतराचं बघू. इंग्लंडात लंडन ते ब्रायटन अशी प्रसिद्ध दौड होते. मोटारींवरची जाचक वेगमर्यादा १८९६ साली सैल झाली, त्या आनंदात निघालेल्या फेरीची ही आठवण. १९०५ पूर्वीच्या गाड्यांनाच प्रवेश, अंतर सुमारे ६० मैल. तिथे कोण पहिला आला याला महत्त्वच नाही. संध्याकाळपर्यंत पोचलात की मेडल! आपल्याकडे दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्राची रॅली १९६४ पासून आहे, तिचं मोल आहेच. पण एका शहराची रॅली वेगळी आणि साऱ्या देशाला बोलावणं वेगळं. कोलकात्याहून मुंबई सुमारे दोन हजार किलोमीटर. ताशी पन्नासने, उजेडात चालवायचं ठरवलं तर अ‍ॅम्बॅसेडरला यायला पाच दिवस, जायला पाच दिवस, आणि मेळावा दोन दिवसांचा. एवढी रजा कोणाला मिळते? मग ज्याला परवडतं तो गाडी ट्रेलरवर चढवून पाठवतो आणि स्वतः विमानाने येतो. ज्याला परवडत नाही, त्याची वडिलांच्या हातची स्टँडर्ड हेराल्ड घरीच राहते. राष्ट्रीय मेळाव्यात राष्ट्र दिसत नाही ते यामुळे.

आता कोणी म्हणेल, हिंमत असेल तर चालवत या. हिंमत आहे हो, पेट्रोलचं काय? या गाड्या शिसंमिश्रित पेट्रोलवर वाढलेल्या. २००० साली देशभर शिशाविना पेट्रोल आलं. आपल्या फुप्फुसांसाठी ते उत्तमच झालं. पण ते शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला गादीसारखं जपत होतं. गावात दहा किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला याचा पत्ता लागत नाही. हायवेवर तासन्‌तास ताणली, की कच्च्या लोखंडाची सीट झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो, टॅपेटची गॅप मिटते आणि कॉम्प्रेशन जातं. त्यावर आता वीस टक्के इथेनॉल. ते पाणी धरून ठेवतं, जुन्या रबरी पाइपांना आणि वॉशरांना खातं. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. यात घाट आला की विचारूच नका! चढताना रेडिएटर उकळतो, उतरताना ड्रम ब्रेक तापून पकडेनासे होतात. दुपारच्या उन्हात पेट्रोलची पाइपमध्येच वाफ होते, पंप नुसती वाफ ओढत बसतो आणि गाडी भर चढावर बंद. वेपर लॉकची व्याख्या आपण व्हायवात खडाखड म्हणतो. त्याचा उपाय मी मेळाव्यात पाहिला : पंपावर ओलं फडकं टाकायचं, बॉनेट उघडायचं आणि चहा प्यायचा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला ती चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. नियम वाईट नाही. पण पंधरा ते पन्नास वर्षांच्या मधली गाडी? १९८५ची प्रीमियर पद्मिनी धड नवी नाही, कायद्याने व्हिंटेजही नाही. तिच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार झाली. दिल्ली परिसरातली पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली. नंतर आदेश बदलत गेले, म्हणून तिथे मेळावा ठेवणाऱ्याने मांडववाल्याआधी वकील गाठावा. गंमत अशी की पोरासोरांना हौस आहे ती याच मधल्या गाड्यांची, आणि त्याच परवडतात. त्याच नाही आल्या तर वीस वर्षांनी मेळाव्याला येणार कोण?

आता माझ्या मूळ दुखण्याकडे येतो. त्या मेळाव्यात एक पद्मिनी कर्नाटकातून स्वतःच्या चाकांवर आली होती. मालक शेजारी बसलेले, चालवत होते त्यांचे मिस्त्री, वय सत्तरीच्या आसपास. वाटेत डायनॅमोचा कट-आउट गेला तो यांनी ढाब्यावर खोलला, साफ केला, बसवला. आल्या आल्या दुसऱ्या एका गाडीचं आयडलिंग नुसतं ऐकून म्हणाले, “पॉइंट बघा, कार्ब्युरेटरला हात लावू नका.” पॉइंटच होता! संध्याकाळी जेवणाच्या दारात मात्र त्यांना अडवलं. कारण? पास ‘सदस्य व एक पाहुणा’ एवढाच, आणि पाहुण्याच्या पासावर मालकांच्या पत्नी आत गेलेल्या. मालकांनी बरीच हुज्जत घातली. शेवटी मिस्त्रींचं ताट बाहेर आलं. ते गाडीच्या बॉनेटवर ठेवून शांतपणे जेवले. आत त्याच वेळी ‘वारसा जपणाऱ्यांचा’ सत्कार चालू होता, नारळ-शाल वगैरे.

मला यात कोणाचा दुष्टपणा दिसत नाही. मेळावा आखणाऱ्यांच्या कागदावर मिस्त्री हा माणूसच नव्हता, इतकं साधं आहे. पण असं बघा. सोलेक्स कार्ब्युरेटरची आकृती आपण परीक्षेसाठी घोकतो. पद्मिनीच्या बॉनेटखाली तोच सोलेक्स असतो, आणि तो ट्यून करणारी माणसं आता हाताच्या बोटांवर आलीत. त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही. जे आहे ते कानात आणि बोटांत. पद्मिनीचं उत्पादन थांबून वीस वर्षं उलटली, उत्तरपाड्याचा अ‍ॅम्बॅसेडरचा कारखाना २०१४ साली बंद झाला. हुबळीचा मिस्त्री आणि जमशेदपूरचा मिस्त्री एकमेकांना भेटतील अशी जागा देशात असेल तर ती हे मेळावेच. आणि तिथे त्यांना आपण दाराबाहेर जेवायला घालतो!

क्लबवाले म्हणतात, पैसा स्पॉन्सरचा, त्याला राजवाड्यापुढे चकचकीत गाड्यांचा फोटो हवा. मान्य. एक दिवस द्या त्याला. दुसरा दिवस मात्र बॉनेट उघडी ठेवून काढा. सुटे भाग विकायला-बदलायला मांडा, मिस्त्रींना खुर्च्या द्या, आणि प्रवेशशुल्कात त्यांचं जेवणखाण-झोपणं धरा. बक्षीस रंगाला देता तसं स्वतःच्या चाकांवर कापलेल्या किलोमीटरनाही द्या. आणि जागा दरवेळी दिल्ली-मुंबई-राजस्थानच का? नागपूरला झीरो माइलचा दगड आहे, जानेवारीतली हवा इंजिनाला आणि माणसाला दोघांनाही मानवते, आणि चारही दिशांचे हायवे तिथे मिळतात. राजवाडा नाही, संत्री आहेत.

आपल्या कॉलेजपुरतं बोलायचं तर वर्कशॉपची मागची शेड डिसेंबरच्या सुट्टीत रिकामी असते. पिट आहे, कॉम्प्रेसर आहे, मेस जवळ आहे. हायवेवरून जाणाऱ्या अशा गाड्यांना एका रात्रीचा मुक्काम आणि दुरुस्ती एवढं आपण सहज करू शकतो. बदल्यात मिस्त्रींनी तासभर आपल्याला कार्ब्युरेटर उघडून दाखवायचा. एच.ओ.डी. सरांना द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे, सह्या हव्या आहेत. रेक्टर सरांनी रात्री अकरानंतर शेड उघडी ठेवायची परवानगी दिली, तर पुठ्ठे मी आणतो.