पहिल्या चोवीस तासांचा हक्क



वाराणसी कँट स्टेशनपासून जवळच, लहरतारा भागात कर्करोगाचे एक रुग्णालय आहे. मूळचे ते आपल्या रेल्वेचे. २०१८ साली ते टाटा स्मारक केंद्राकडे गेले आणि आता होमी भाभा कर्करोग रुग्णालय म्हणून ओळखले जाते. पूर्वांचल आणि बिहारचे गोरगरीब तिथे रांगा लावतात. पण यकृताच्या कर्करोगाचे एक मोठे कारण जन्माच्या पहिल्या दिवशीच एका टोचणीने अडवता येते, हे त्या रांगेतल्या किती जणांना कोणी वेळेवर सांगितले असेल?

हे कारण म्हणजे हिपॅटायटिस बी, म्हणजेच कावीळ 'ब'. आईच्या अंगात विषाणू असतो, पण तिला कसलाच त्रास नसतो. बाळंतपणात तो बाळाकडे जातो. मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेक जण बरे होतात. नवजात बाळाला झाली तर शंभरातील नव्वद बाळांच्या अंगात विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो, आणि पुढे ऐन कमावत्या वयात यकृत निकामी होऊ शकते. म्हणून लसीचा पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, आफ्रिकेत १०० पैकी अवघ्या १८ नवजात बाळांना हा डोस मिळतो. जगातील नव्या लागणींपैकी सुमारे ६३ टक्के त्याच खंडात होतात. तिथल्या अनेक देशांत लस सुरू होते ती सहाव्या आठवड्यात. तोवर चोर घरात शिरलेला असतो! घरी होणारी बाळंतपणे, लस थंड ठेवण्याची अपुरी सोय, आणि आईबापांना कोणी काही न सांगणे, ही त्यामागची कारणे. ती आपल्याला परकी वाटतात काय?

आपण फुशारकी मारावी असे काही नाही. त्याच अहवालाप्रमाणे आपल्या देशात सुमारे २ कोटी ९८ लाख लोक या विषाणूसह जगत आहेत. चीनखालोखाल आपलाच नंबर. ही लस २०११ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात आहे आणि मोफत आहे. हक्क कागदावर आहे. पण तो चोवीस तासांत बजावला नाही तर हुकतो. रात्री बाळंतपण झाले, दुसऱ्या दिवशी सुट्टी, 'सोमवारी या' असे उत्तर मिळाले, की हक्क बुडाला. सोयर फिटेपर्यंत बाळाला सुई नको, असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात. आणि कावीळ तर माळ घालून उतरवायची, हा समज आपल्याही गावात गेलेला नाही.

कायम कामगाराला रेल्वेचा दवाखाना आहे. पण फलाट झाडणारी कंत्राटी भगिनी कुठे बाळंत होते, याची चौकशी आपण कधी केली आहे काय? बनारसच्या इंजिन कारखान्यापासून भुसावळच्या यार्डापर्यंत हा प्रश्न एकच आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे: प्रत्येक शाखेने गरोदर भगिनींची, कंत्राटी कामगारांसकट, यादी करावी. गरोदरपणातच हिपॅटायटिस बी ची रक्ततपासणी व्हावी, असा आग्रह धरावा. बाळंतपण कुठेही होवो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा लस मिळालीच पाहिजे, ही मागणी दवाखान्याच्या व्यवस्थापनापुढे ठेवावी. टपाल बांधवांनो, तुम्ही दारोदार जाता. आशा भगिनींच्या जोडीने चार शब्द तुम्हीही सांगा. आणि ज्या साथीच्या रक्तात विषाणू सापडेल त्याला वाळीत टाकू नका. एका ताटात जेवल्याने किंवा हात मिळवल्याने हा रोग लागत नाही.

पगारवाढीचा लढा वर्षानुवर्षे चालतो. हा लढा चोवीस तासांचा आहे. गाडी एकदा सुटली की ती परत फलाटावर येत नाही, हे आपल्याहून अधिक कोणाला ठाऊक?