मोड, घडणावळ आणि जग्वार

‘घेणारा देईल ती किंमत’ हे वाक्य पहिल्याने ज्याच्या तोंडून बाहेर पडले तो विकणाराही नसावा आणि घेणाराही नसावा. तो दलाल असावा. जुन्या मोटारींच्या व्यापारात हे वाक्य वेदवाक्यासारखे उच्चारले जाते. ते ऐकले की गिऱ्हाइकाने मान डोलवायची आणि मुकाट्याने खिशात हात घालायचा! माझ्या उमेदीची वर्षे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीच्या आसपास, मोटारींचे पत्रे ठोकण्यात गेली. ज्या गावात जग्वारच्या गाड्या तयार होत, त्याच गावात त्यांचा गंज खरवडून मी मुलांची शिक्षणे केली. तेव्हा या वेदवाक्याविरुद्ध चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो. फराळाच्या ताटाशी गंजाची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. पण घराच्या वाटणीत आजीच्या पाटल्यांचा प्रश्न निघाला की जो वाद होतो, तोच हा वाद आहे. फक्त पाटल्यांना चाके नसतात.

एकच गाडी उदाहरणादाखल घेतो, कारण तिचे पोट मी हाताने चाचपलेले आहे. ई-टाइप जग्वार १९६१ च्या मार्चमध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. इंग्लंडात तिची किंमत करासह सुमारे २,१०० पौंड होती. तिच्या तोडीच्या इटालियन गाडीला याच्या दुपटीहून अधिक मोजावे लागत. पुढल्या तेरा-चौदा वर्षांत अशा सुमारे ७२,००० गाड्या बाहेर पडल्या. बहुसंख्य अमेरिकेला गेल्या, म्हणजे त्यांचे स्टिअरिंग डावीकडे. त्यांतल्या कितीतरी पुढे परत येऊन, स्टिअरिंग उजवीकडे करून घेऊन, इंग्लंडच्या म्हणून मिरवू लागल्या. हे लक्षात ठेवा. भावात याचा मोठा वाटा असतो.

आता वर्तमानपत्रांचा प्रताप पाहा. १९५५ सालची एक मर्सिडिझ २०२२ च्या मे महिन्यात १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. त्याआधी २०१८ च्या ऑगस्टमध्ये एका फेरारी २५० जीटीओला ४ कोटी ८४ लाख डॉलर आले होते. बातमी छापून आली रे आली, की गल्लीतला प्रत्येक जण आपल्या गाडीवरची ताडपत्री उचलून किंमत चढवतो. पहिल्या प्रकारच्या गाड्या जगात दोन आहेत, दुसऱ्या छत्तीस. कोहिनूरचा भाव ऐकून कोणी आपल्या नथीतल्या मोत्याची किंमत ठरवते काय? शिवाय छापून येणाऱ्या आकड्यात लिलाववाल्याने घेणाऱ्यावर बसवलेला अधिभार बहुधा मिसळलेला असतो आणि विकणाऱ्याकडूनही दलाली कापली जाते. ज्या गाड्यांना बोलीच लागली नाही, त्या गुपचूप घरी जातात. त्यांची बातमी होत नाही.

१९८० च्या दशकाच्या शेवटी या गाड्यांचे भाव असेच आकाशाला भिडले, आणि १९९० नंतर धाडकन कोसळले. गाडी तीच होती. तिचा एक स्क्रूसुद्धा हलला नव्हता. ‘घेणारा देईल ती किंमत’ म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: आदल्या वर्षीची किंमत रास्त होती की पुढच्या वर्षीची? दोन्ही रास्त होत्या म्हणत असाल, तर रास्त या शब्दाला काही अर्थ उरला नाही. तो कोशातून काढून टाका आणि सरळ ‘साधली ती किंमत’ म्हणा.

दुसरा पक्ष मालकांचा. हे सज्जन लोक असतात, पण त्यांच्या बगलेत बिलांची एक जाड फाइल असते. “एवढे पौंड मी ओतले आहेत, तेवढे तर आलेच पाहिजेत!” यांना मी आपल्या सराफाकडे पाठवीन. पाटल्या घडवताना तुम्ही घडणावळ देता. मोडायला नेल्यावर सराफ ती परत देतो का? वर घट धरतो! गाडीचेही तसेच. ई-टाइपचा सांगाडा गंजून गेलेला असला, तर पुरते काम करायला हजार तास सहज लागतात. समजा, तासाला साठ पौंड मजुरी धरली, तर नुसती मजुरीच साठ हजार झाली. सुटे भाग, रंग, कातडे वेगळेच. उत्तम गाडी समजा एक लाखाला जात असेल, तर मोडकी गाडी पन्नास हजारांना घेणारा मनुष्य रसिक असेल, पण त्याला हिशेब येत नाही. घडणावळ ही हौसेची किंमत आहे. ती ज्याने हौस केली त्यानेच सोसायची.

मग किंमत पाहायची कशात? मी म्हणतो, गाडीच्या खाली. या गाडीला वेगळी चासी नाही. मधला भाग पत्र्याच्याच पेटीचा आहे आणि पुढे इंजिन धरायला नळ्यांची चौकट बोल्टांनी जोडलेली आहे. दाराखालची जी लांब पोकळ पट्टी, तिला कारागीर ‘सिल’ म्हणतात. ती या गाडीचा कणा. ती आतून कुजते आणि बाहेरून रंगवलेली राहते. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून तिच्यावरून फिरवावे. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. गाडी जॅकवर उचलावी आणि दार लावून पाहावे. दार अडले तर कणा वाकतो आहे असे समजावे. नळ्यांच्या चौकटीवर वेल्डिंगचे ठिगळ दिसले तर खाली बसून पुन्हा एकदा विचार करावा. मग चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांवर ठोकलेले आकडे कारखान्याच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहावेत. जग्वारच्या वारसा संस्थेकडून तसा दाखला मिळतो, त्यात मूळ रंगसुद्धा लिहिलेला असतो. चकाकी पाहायचीच असेल तर सर्वांत शेवटी पाहावी. चकाकी ही सर्वांत स्वस्त वस्तू आहे.

माझ्या शेजारी एक वृद्ध बाई राहत. यजमान गेल्यावर त्यांची गाडी गॅरेजात पडून होती. एक व्यापारी आला, टायर बसलेले पाहून त्याने जीभ टाळ्याला लावून ‘च्च्’ केले, आणि रोख रक्कम पुढे ठेवली. ‘आजच्या आज घ्याल तर’ ही अट घालून. बाईंनी मला हाक मारली. मी चुंबक घेऊन खाली शिरलो. सिल शाबूत, चारी आकडे जुळणारे, गाडी १९६२ ची आणि जन्मापासून उजव्या स्टिअरिंगची! मी बाईंना म्हटले, त्याच्याकडून गाडीतले दोष लेखी मागा. त्यांनी मागितले. तो गृहस्थ पुन्हा फिरकला नाही. पुढे ती गाडी एका निवृत्त शाळामास्तरांनी त्या रकमेच्या तिप्पट देऊन घेतली. त्यांनाही आम्ही सांगितले की पहिला गिअर चालत्या गाडीत कुरकुरेल, मागचे ब्रेक चाकात नसून आत डिफरन्शियलला लागून आहेत, ते दुरुस्त करणे कंबर मोडणारे काम आहे. मास्तरांनी त्यापायी थोडे कमी दिले. बाईंनी ते हसत मान्य केले.

व्यापाऱ्याने नफा करू नये की काय, असा प्रश्न येईल. करावा की! जागेचे भाडे, हमी, विकेपर्यंत अडकलेला पैसा, यांचे मोल त्याने जरूर घ्यावे. माझे भांडण त्याच्या नफ्याशी नाही. जो नफा समोरच्याच्या अज्ञानावर उभा आहे त्याच्याशी आहे. ‘घेणारा देईल, देणारा घेईल’ या सूत्राला माझी हरकत एवढीच, की दोघांनाही सारखे दिसत असेल तरच ते खरे ठरते. एकाने गाडीखाली पाहिले आणि दुसऱ्याने फक्त चेक पाहिला, तर त्याला सौदा म्हणण्याचे मला काही कारण दिसत नाही.

आपल्याकडेही हे प्रकरण आता दूरचे राहिलेले नाही. २०२१ साली झालेल्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींना ‘व्हीए’ अक्षरांची निराळी नोंदणी देऊ केली. पण चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा, अशी अट आहे, आणि रोजच्या कामाला किंवा धंद्याला ती गाडी वापरता येत नाही. म्हणजे काकांच्या जुन्या गाडीत कोणी हौसेने डिझेल इंजिन बसवले असेल, तर त्याचा हिशेब किमतीत आधीच धरायला हवा. वाटणीच्या दिवशी नव्हे.

जाता जाता एक गंमत. १९६६ मध्ये याच ई-टाइपचा एक लांबट प्रकार निघाला, मागे पोरांना बसायला जागा असलेला. छपराची रेघ त्यामुळे जरा उंच झाली, आणि रसिकांनी नाके मुरडली. आजही तो भावंडांपेक्षा बराच स्वस्त मिळतो. इंजिन तेच, कारखाना तोच! विलायतेत राहणाऱ्या कोणा वाचकाला बायकापोरांसह हिंडायला जुनी जग्वार हवीच असेल, तर त्याने हीच पाहावी, आणि जाताना चुंबक बरोबर न्यावा.